मोशीच्या नवव्या मजल्यावरचे मामंजी

माझ्या व्यवसायाला आपल्याकडे अजून सुटसुटीत नाव मिळालेले नाही. ज्या घरात कुणाला स्मृतिभ्रंश झाला आहे, त्या घरी मी जाते आणि घरच्यांना त्या माणसासोबत राहायला शिकवते. औषध मी देत नाही. ते डॉक्टरांचे काम. आंघोळ, भरवणे, कूस बदलणे हे घरची माणसे करतात किंवा पगारी बाई करते. मग तुम्ही नक्की करता काय, असे पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या बहुतेक घरांनी मला पहिल्या भेटीत विचारले आहे. मी सांगते, मी बसते. आजारी माणसाच्या जागेवर बसते, त्याच्या उशीच्या उंचीवरून खोली पाहते, त्याच्या पांघरुणाचा वास घेते आणि त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा येणारे वाक्य ऐकते. हे ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जी शंका उमटते, तिचीही मला आता सवय झाली आहे.

तरुणपणी मी कविता शिकले, नंतर वृद्धांच्या शुश्रूषेचे शिक्षण घेतले, आणि या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही असे बरीच वर्षे मानत राहिले. संबंध आहे. गाण्यात पालुपद पुन्हा पुन्हा येते ते कवीला दुसरे काही सुचले नाही म्हणून नव्हे. सारे गाणे त्या ओळीला धरून उभे असते. स्मृती विरत चाललेल्या माणसाचेही असेच एखादे पालुपद असते. घरचे लोक ते ऐकून ऐकून इतके विटतात, की एक दिवस ते त्यांना ऐकूच येईनासे होते. मी बाहेरून आलेली असते; माझ्या कानाला ते ताजे असते.

चिंचवडला एक गृहस्थ होते. सारी नोकरी त्यांनी एका कंपनीच्या तपासणी विभागात काढली होती आणि त्यांचे पालुपद होते, "रिजेक्ट." पत्नीने ताटात वाढलेली प्रत्येक पोळी ते दोन्ही हातांनी उजेडात धरत, कडेवरून बोट फिरवत आणि बाजूला ठेवत. "गोल नाही. रिजेक्ट." बाई पोळ्या लाटून आणि रडून थकल्या होत्या.

मी बाईंना विचारले, "कंपनीत माल रिजेक्ट झाला की पुढे काय करत?"

"मला काय माहीत? रिवर्कला पाठवायचे म्हणे."

"मग पाठवा की."

त्यांनी तीच पोळी उचलली, "साहेब, रिवर्क करून आणते," म्हणाल्या, तव्यावर जराशी फिरवली, तुपाचे बोट लावले आणि परत ताटात ठेवली. साहेबांनी ती उजेडात धरली. "आता ओके," ते म्हणाले. "आधीच का करत नाही असं?" बाई स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकल्या आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या. "एवढा संसार केला, ताई, पण यांच्या डिपार्टमेंटात मी आज भरती झाले."

ही हकिकत मी सगळीकडे सांगते, कारण ती हसवते आणि माझ्या कामाचा पहिला धडा तिच्यात आहे: आजारी माणसाच्या काळात आपण जायचे, त्याला आपल्या काळात ओढायचे नाही. मोशीच्या घराने मला शिकवले, की त्या काळात आधीपासूनच कुणी बसलेले असू शकते.

हे कुटुंब मूळचे मोशीचेच. इंद्रायणीच्या अंगाला त्यांचा मळा होता. आता त्या मळ्यावर इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्या एकीच्या नवव्या मजल्यावर ही मंडळी नुकतीच राहायला आली होती. भिंतींना अजून रंगाचा उग्र, दुधट वास होता. खिडकीतून वारा असा येई, की पडदे सारा दिवस कुणाला तरी बोलावत असल्यासारखे हलत. घरात तिघे: हौसाबाई, त्यांचा मुलगा दत्ताभाऊ आणि सून सुनंदा. दत्ताभाऊ चाकणच्या कारखान्यांना कामगारांच्या ने-आणीसाठी बसगाड्या पुरवीत. दणकट देह, मोठा आवाज. सुनंदा कुरुळीची माहेरवाशीण, सासूला 'आत्या' म्हणणारी, कमी बोलणारी आणि पुष्कळ पाहणारी.

"आई चळलीय," दत्ताभाऊंनी मला दारातच सांगितले. "मला वळखत न्हाई. पाव्हणं म्हणती मला. ते बी चालंल, मॅडम. पर खात न्हाई. गाडीभर चारा डोक्यावर घेऊन येनारी बाई हुती ही. आता उचलली तर उशी उचलल्यागत वाटतं."

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या होत्या. घसा ठीक, पोट ठीक, दुखणे कुठेच नाही. ते भले गृहस्थ होते. त्यांनीच मला बोलवा असे सुचवले होते. पण त्यांनी स्पष्टही केले होते, की पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलेले दिसले, तर नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागेल.

"नळी ती उपसणार," दत्ताभाऊ म्हणाले. "मग हात बांधून ठेवत्यात खाटंला. माझ्या चुलत्याचं बघितलंय म्या. तसं हिचं करायचं न्हाई मला."

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस शेवटचे वाक्य इतके हळू बोलला, की मला त्या घरी कशासाठी यायचे आहे ते तिथेच कळले.

हौसाबाईंचा दिवाण बाहेरच्या मोठ्या खोलीत होता. त्या एकट्या पडू नयेत म्हणून प्रेमाने तिथे ठेवलेला. त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असत. अंगात फुलाफुलांचा सुती गाऊन. तो आमच्या व्यवसायाचा सर्वमान्य पोशाख आहे, कारण घालायला, काढायला, धुवायला सोपा. जेवायच्या वेळी त्यांना उठवून टेबलाशी खुर्चीवर बसवले, की त्या खुर्चीवरून खाली घसरत, घास ओठांशी आला की मान वळवत आणि पुटपुटत, "बसल्यात न्हवं." पुन्हा, "बसल्यात." कोण बसल्यात, असे विचारले की गप्प.

घरच्यांना वाटे, वारलेला नवरा दिसत असावा. नात्यातल्या कुणी तरी येऊन लिंबूही उतरवून गेले होते.

मी दोन भेटी नुसती पाहत राहिले. हौसाबाईंचा उजवा हात मला बेचैन करत होता. तो खांद्यापासून निघे, मानेमागे काही चाचपडे, बोटे रिकामी मिटत, मग तो हात कपाळापर्यंत ओढला जाई आणि गळून मांडीवर पडे. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पाण्यातून रिकामे जाळे ओढावे तसा तो हात मला वाटला.

"हे काय करतात?" मी सुनंदाला विचारले.

"डोकं खाजवतात. औषधाचा शाम्पू पण लावून बघितला."

तिसऱ्या भेटीत, हौसाबाई न्हाणीघरात असताना, मी त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसले. समोरची भिंत आता त्यांच्या उंचीवरून दिसली. त्या भिंतीवर एक वृद्ध पुरुष बसला होता.

अतिशयोक्ती नाही. पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानातून मोठा करून घेतलेला तो फोटो जवळजवळ माणसाएवढा होता. पांढरा फेटा, दोन्ही हात काठीवर टेकलेले, खुर्चीत ताठ बसलेली आकृती आणि कुठेही सरकले तरी पाठ न सोडणारी नजर. चंदनाचा हार, सोनेरी चौकट, भोवती संध्याकाळी लागणारे बारीक दिवे. हे दत्ताभाऊंचे आजोबा, म्हणजे हौसाबाईंचे सासरे. जुन्या घरी त्यांचा छोटासा फोटो देव्हाऱ्याच्या खोलीत असे. नव्या घराच्या वास्तुशांतीला तो एवढा वाढून बाहेर आला होता.

या आजारात आरसे आणि फोटो यांच्यावर विसंबून राहता येत नाही. निरोगी डोळा कागद पाहतो आणि त्यावरचा माणूस ओळखतो. आजारी डोळ्याला पुष्कळदा कागद दिसेनासा होतो आणि माणूस तेवढा उरतो.

मी सुनंदाला जवळ बसवले आणि विचारले, "आजेसासरे तुम्ही पाहिलेत ना? ते समोर असताना आत्या कशा वागायच्या?"

ती जराशी हसली. "समोर? समोर जायच्याच नाहीत. आबा ओट्यावर बसलेले असले की मागच्या दारानं ये-जा. जावंच लागलं तर पदर पार इथपर्यंत. बसायचं तर नावच नको. आणि त्यांच्यापुढं तोंड हलवणं म्हणजे..."

ती थांबली. तिने खुर्चीकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग स्वतःचा हात खांद्यामागे नेऊन तो कपाळापर्यंत ओढला, जसा सासू ओढत असे.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "पदर शोधतायत त्या."

पुढचे मला सांगावे लागले नाही. तिने ट्रंकेतून एक जुने लुगडे काढले. डांबराच्या गोळ्यांचा झोंबरा वास खोलीभर झाला आणि त्याखालून, घडी उलगडू लागली तसा, दुसरा एक वास आला: चुलीचा धूर, तेल, उन्हात वाळलेले सूत. धुऊन धुऊन ते वस्त्र सायीसारखे मऊ झाले होते. पूर्ण नेसवणे जमण्याजोगे नव्हते; सुनंदाने ते गाऊनवरूनच कमरेला गुंडाळले आणि उरलेला भाग सासूच्या खांद्यावर टाकला. हौसाबाईंचा हात उठला, मानेमागे गेला आणि या वेळी रिकामा मिटला नाही. पदर सरसरत कपाळाखाली आला. कित्येक दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली ती बाई उठली आणि नव्या सुनेसारखी, मान खाली घालून, नीट उभी राहिली.

मला त्या क्षणाचा फार अभिमान वाटला. तो पुढच्या भेटीपर्यंत टिकला.

"हे काय करून बसला, मॅडम?" दत्ताभाऊ माझी वाटच पाहत होते. "आधी निदान पडत तरी हुती. आता उभीच ऱ्हाती. बसवली की उठती. पाय बगा."

पाय सुजले होते. बोट दाबले की खळगा तसाच राहत होता. पदरामुळे हौसाबाईंची लाज राखली गेली होती, पण लाज राखलेल्या सुनेने सासऱ्यापुढे उभेच राहायचे असते. खालचा वॉचमन पार्सल द्यायला आला, लिफ्टवाला आला, तरी त्या तशाच पदर ओढून भिंतीशी सरकत. डॉक्टर तपासायला आले तेव्हाही पदराआडूनच त्यांनी नाडी दाखवली. रात्री त्यांना आतल्या खोलीत निजवत, पण दिवस उजाडला की त्या स्वतःहून बाहेर येऊन उभ्या राहत. मामंजी बसलेले असताना, कधी हाक मारतील याचा नेम नसताना, सुनेने आत पडून राहायचे कसे? घास मात्र अजूनही नाही, आतल्या खोलीत नेला तरी.

"फोटो इथून हलवावा लागेल," मी म्हणाले.

 दत्ताभाऊ उठून खिडकीशी गेले आणि खाली पाहत राहिले, जिथे गाड्या लावायच्या जागेवर पांढरे पट्टे आखलेले होते.

"तिथं हिर हुती आमची," ते म्हणाले. "आबानं सवताच्या हातानं खांदलेली. म्या बुजवली. गावात काय काय बोल्ले लोक. आता त्याच्याच रानात ऱ्हातो आन् त्यालाच भितीवरनं खाली उतरवू? पाव्हणेरावळे येत्यात, इचारतील, आबा कुटं गेले? काय सांगू? आईला नको झाले म्हणून काढले?"

 त्या फोटोत दत्ताभाऊंचेही काही तरी बसलेले होते, आणि ते माझ्या शिक्षणाच्या बाहेरचे होते.

"झाकतो पायजे तर," ते अखेर म्हणाले. "झाकला तर चालंल न्हवं?" मी काही म्हणण्याआधीच त्यांनी दिवाणावरची चादर ओढली, स्टुलावर चढून फोटोवर टाकली आणि चौकटीच्या कडा नीट झाकून घेतल्या.

ती चादर पांढरी होती.

हौसाबाईंनी पदराआडून वर पाहिले. खुर्चीत ताठ बसलेला सासरा डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या वस्त्राखाली गेला होता.  त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या त्या उशीएवढ्या देहातून असा सूर निघाला, की मी आजवर तसा ऐकला नव्हता. जुन्या बायका मयताला रडतात तसे ते रडणे होते. त्याला लय होती, ठरलेल्या जागी विसावणारी यती होती, प्रत्येक ओळीच्या शेवटी हात कपाळावर येत होता.

"आवं मामंजी, तुमच्या म्होरं कंदी त्वांड उगडलं न्हाई वं... आता कुनाला भिऊ मी मामंजी... रान राकायला कोन ऱ्हायलं वं..."

सुनंदा त्यांना धरायला धावली. दत्ताभाऊ स्टुलावर तसेच उभे होते.

"आबा गेले तवा आशीच रडली हुती," ते म्हणाले, आम्हाला की स्वतःला, ते कळले नाही. "अगदी ह्येच."

मग त्या माणसाने जे केले ते मी कुणालाही शिकवू शकले नसते. त्यांनी चादर ओढून काढली आणि ती मागे दिवाणाखाली फेकली. दोन्ही हातांनी तो प्रचंड फोटो खिळ्यावरून उचलला. स्टुलावरून उतरताना ते तोल सावरत खाकरले; घरातला जुना पुरुष ओट्यावरून उठताना खाकरतो तसे.

"आई," ते मोठ्याने म्हणाले, "आबा उठल्यात बग. ऊन झालं म्हणून जरा डोळा लागला हुता. रडू नको. मळ्यात निघाल्यात आता."

रडणे मध्येच थांबले. हौसाबाई उठल्या, पदर सावरला आणि भिंतीला लागून उभ्या राहिल्या. वाट मोकळी करून दिली. दत्ताभाऊ फोटो छातीशी धरून, त्याचा चेहरा समोर ठेवून, सावकाश खोली ओलांडून गेले. फेटा, काठी, ती पाठ न सोडणारी नजर, सारे दारातून बाहेर पडले. बाहेर लिफ्टचे दार उघडले, मिटले. हौसाबाई कान देऊन ऐकत होत्या. लिफ्टची घरघर खाली खाली जाऊन विरली, तेव्हा त्यांनी श्वास सोडला. तो श्वास मला अजून ऐकू येतो. ओझ्याची पाटी उतरवल्यावरचा श्वास.

पदर कपाळावरून खांद्यावर उतरला. त्या खुर्चीवर नव्हे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर जाऊन बसल्या.

"ग्येले?"

"गेले, आत्या," सुनंदा म्हणाली.

"जिवून ग्येले का?"

 सुनंदाने मान हलवली, मग म्हणाली, "व्हय. पोटभर जेवून गेले."

"मंग वाढ," हौसाबाई म्हणाल्या.

दुधात कुस्करलेली भाकरी त्यांनी स्वतःच्या हाताने खाल्ली. निम्मी सांडली. सुनंदा पुसत राहिली आणि वाढत राहिली.

नळी लागली नाही. वजन उतरायचे हळूहळू थांबले आणि मग थोडे वरही गेले. गेलेली सारी ताकद परत आली असे मी म्हणणार नाही. भिंतीकडे तोंड करून काढलेले दिवस शरीर विसरत नाही, मन विसरले तरी. हा आजार बरा होत नाही, आणि होतो असे सांगणाऱ्यांपासून मी घरांना सावध करते. पण शेवटपर्यंत हौसाबाई उंबऱ्याशी बसून आपल्या हाताने जेवल्या आणि त्यांचे हात कुणी बांधले नाहीत. आबांचा फोटो आजही तळमजल्यावर दत्ताभाऊंच्या ऑफिसात आहे, बुजवलेल्या विहिरीच्या शेजारी. पाहुणे विचारतात तेव्हा ते सांगतात, आबा मळ्यात आहेत. मला वाटते, हे उत्तर आईला देता देता त्यांनी स्वतःसाठीही शोधून ठेवले.

त्या दुपारचे थोडे अजून सांगायचे आहे. फोटो खाली ठेवून दत्ताभाऊ परत आले. आत यायची त्यांना भीती वाटत असावी. ते चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातांना चौकटीची धूळ. हौसाबाईंनी घास चावता चावता मान वर केली आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "उबं का? बसा की. गरम हाय."

दत्ताभाऊंनी माझ्याकडे पाहिले आणि कडवट हसले. "बगा. अजून पाव्हणाच."

"पाव्हणा म्हणू द्या," सुनंदा म्हणाली. तिचे डोळे सासूवर होते. "वॉचमन आला तर पदर, लिफ्टवाला आला तर पदर, डॉक्टरांना पदर. आता बघा."

पदर खांद्यावर होता. हात ताटात होता. तो उठला नव्हता.

दत्ताभाऊ हळूच आत आले आणि आईसमोर फरशीवर मांडी घालून बसले. हौसाबाईंनी भाकरीचा एक तुकडा दुधात बुडवला आणि त्यांच्या हातावर ठेवला.